जुन्या वर्कस्टेशनवरील युनिक्स : दोषनिदानाची ज्ञानपरंपरा व तिचे जतन (पुण्यातील कसबा पेठेच्या दुरुस्तीपरंपरेच्या संदर्भात)

गोषवारा :
संगणकाचा इतिहास सामान्यतः नव्या यंत्रांच्या आगमनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र बिघडले असता ते पुन्हा चालते करण्याचे ज्ञान मात्र या लेखनाबाहेर राहते. प्रस्तुत निबंधात १९८० व १९९० च्या दशकांत महाराष्ट्रातील संशोधनसंस्थांच्या द्वारे रुजलेल्या युनिक्स प्रणालीचा आढावा घेऊन, जुन्या वर्कस्टेशनवर ती चालविताना उद्भवणाऱ्या बिघाडांचे स्वरूप स्पष्ट केले आहे. कसबा पेठेतील तांबट कारागिरांच्या दुरुस्तीपरंपरेशी त्याची तुलना करून, दोषनिदानाचे ज्ञान हा यंत्राच्या इतिहासाचाच भाग असल्याचे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : युनिक्स, वर्कस्टेशन, दोषनिदान, दुरुस्ती, निर्लेखन, कसबा पेठ.

१. प्रस्तावना

पुण्याच्या पेठांमध्ये कसबा ही आद्य पेठ होय. ग्रामदैवत कसबा गणपती आणि लाल महाल यांमुळे तिचे नाव शिवकाळाशी जोडले गेले आहे. मात्र या पेठेची आणखी एक ओळख आहे, ती कारागिरांची पेठ म्हणून. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या त्वष्टा कासार समाजाची वस्ती येथील तांबट आळीत झाली आणि तांब्याच्या भांड्यांवरील मठारकामाचा नाद आजही तेथे ऐकू येतो. कसबा व मंगळवार पेठेच्या सीमेवर, कुंभारवेशीलगत, बुधवारी व रविवारी भरत आलेला जुना बाजार ही याच परिसराची दुसरी खूण. घरांनी व कार्यालयांनी टाकून दिलेल्या वस्तू तेथे सुट्या भागांच्या रूपाने पुन्हा व्यवहारात येत आल्या आहेत. वस्तू निर्माण करणे, ती टिकविणे, दुरुस्त करणे आणि अखेरीस मोडीत काढणे या चारही अवस्था या एका परिसरात शेजारीशेजारी नांदताना दिसतात.

याच पुणे शहराने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत संगणकक्षेत्रात मोठी मजल मारली. त्या वाटचालीचे वर्णन करताना महासंगणक, सॉफ्टवेअर उद्योग आणि निर्यात यांचा उल्लेख आवर्जून होतो. ही यंत्रे कोणत्या कारणांनी कोसळत आणि ती पुन्हा कशी उभी केली जात, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तांबट आळीतील ज्ञान जसे हातातून हाताकडे गेले, तसेच हे ज्ञानही बहुतांशी मौखिक राहिले. दोहोंमधील हे साम्य प्रस्तुत विवेचनाचा आधार आहे.

२. उद्दिष्टे

(अ) महाराष्ट्रातील युनिक्सच्या प्रसाराचा संक्षिप्त आढावा घेणे.
(ब) जुन्या वर्कस्टेशनवरील प्रमुख बिघाडांची कारणे व त्यांच्या निदानाची रीत स्पष्ट करणे.
(क) या ज्ञानाच्या जतनाची आवश्यकता महाविद्यालयांच्या संदर्भात मांडणे.

३. युनिक्स आणि महाराष्ट्र

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार. १९७३ मध्ये ही प्रणाली 'सी' या भाषेत नव्याने लिहिली गेली आणि त्यामुळे ती एका विशिष्ट यंत्राच्या बंधनातून मुक्त झाली. एकच प्रणाली अनेक प्रकारच्या यंत्रांवर चालू शकते, हे युनिक्सचे बलस्थान ठरले. परंतु प्रत्येक यंत्राचे स्वभावविशेष वेगळे असल्याने तिच्या अडचणींचे मूळही तेथेच होते. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने युनिक्सवर चालणारी वर्कस्टेशन जगभर पोहोचविली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, ही बाब स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी आहे. १९८९ मध्ये आलेल्या स्पार्कस्टेशन-१ या यंत्राने शक्तिशाली युनिक्स संगणक संशोधकाच्या टेबलावर आणून ठेवला.

महाराष्ट्रात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, म्हणजेच एनसीएसटीने, या संदर्भात पायाभूत कार्य केले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात ही संस्था, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि केंद्र शासनाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग सहभागी होते. प्रारंभी टेलिफोनच्या तारेवरून युयुसीपी या युनिक्समधील पद्धतीने टपाल पाठविले जाई. ही पद्धती संदेश साठवून ठेवते आणि जोडणी मिळेल तेव्हा पुढे धाडते. त्या काळातील टेलिफोनव्यवस्थेत जोडणी तुटणे हा अपवाद नसून नित्याचा अनुभव होता. अशा परिस्थितीत अपयश गृहीत धरणारी पद्धतीच उपयोगी ठरली. १९९१ च्या जानेवारीत दिल्ली व मुंबई यांच्यात ९.६ किलोबिट वेगाची कायमस्वरूपी तार जोडली गेली.

पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची, स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. त्यात ट्रान्सप्युटर या जातीचे प्रोसेसर होते. १९९८ मधील 'परम १००००' ची घडण मात्र सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसरवर आधारित सर्व्हर जोडून झाली आणि त्यावर सोलारिस ही युनिक्स प्रणाली चालत असे. याच काळात खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, उभी राहिली. रेडिओ खगोलशास्त्रात प्रचलित असलेली 'एआयपीएस' ही आज्ञाप्रणालीही युनिक्स यंत्रांवर चालविली जात असे. १९९० च्या दशकात पुण्यात विकासकेंद्र चालविणारी व्हेरिटास ही कंपनी तर युनिक्सच्या साठवणव्यवस्थेतच काम करणारी होती. तात्पर्य, युनिक्स पुण्यात केवळ वापरली गेली नाही. तिच्या उभारणीतही या शहराचा वाटा होता.

४. बिघाडांचे स्वरूप आणि निदानाची रीत

जुन्या वर्कस्टेशनवरील बिघाडांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात : वयोमानाने उद्भवणारे, जोडणीतील, वीजपुरवठ्याशी संबंधित आणि यंत्राच्या रचनेतून उद्भवणारे.

४.१ वयोमानाने उद्भवणारे बिघाड : सन वर्कस्टेशनच्या मदरबोर्डवर एक छोटी चिप असे. घड्याळ, थोडी स्मृती आणि लिथियमची बॅटरी हे तिन्ही त्या एकाच वेष्टनात बंद असत. यंत्राचा ओळखक्रमांक, नेटवर्कवरील पत्ता आणि यंत्र कोणत्या डिस्कवरून सुरू करावयाचे याच्या सूचना या चिपमध्ये साठविलेल्या असत. बॅटरीचे आयुष्य साधारणतः दहा वर्षांचे. ती संपली की यंत्र आपली ओळखच विसरे. ओळखीची माहिती अवैध असल्याचा संदेश पडद्यावर येई, नेटवर्कचा पत्ता निरर्थक होई आणि यंत्र स्वतःच्या डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू होण्याचा व्यर्थ प्रयत्न करीत राही. ज्या सॉफ्टवेअरचा परवाना ओळखक्रमांकाशी बांधलेला असे, तेही चालेनासे होई. प्रथमदर्शनी हा मदरबोर्डचा गंभीर दोष वाटतो. वस्तुतः तो केवळ बॅटरीचा दोष होय. जाणकार मंडळी 'ओके' या खुणेपाशी काही आज्ञा देऊन ओळखक्रमांक पुन्हा भरीत. चिप मिळेनाशी झाल्यावर तिचे वेष्टन काळजीपूर्वक कोरून बाहेरून नवी गोल बॅटरी जोडण्याची युक्तीही रूढ झाली.

स्मृतीतील दोष अधिक फसवा असतो. यंत्र तासन् तास सुरळीत चालते आणि मोठा प्रोग्राम संकलित करताना मात्र 'सिग्नल ११' असा संदेश देऊन थांबते. प्रोग्राममध्ये खरोखर चूक असेल, तर तो दर वेळी एकाच ओळीवर थांबला पाहिजे. तो दर वेळी निराळ्या जागी थांबत असेल, तर संशय रॅमवर, तिच्या बैठकीवर किंवा वाढलेल्या उष्णतेवर घ्यावा. ही कसोटी लिनक्सच्या वापरकर्त्यांनी १९९० च्या दशकात अनुभवातून सिद्ध केली. पुनरावृत्ती होते की नाही हे पाहून दोषाचे स्थान ठरविण्याची ही रीत कोणत्याही प्रयोगशाळेला मान्य होण्यासारखी आहे.

४.२ जोडणीतील बिघाड : त्या काळातील डिस्क, टेपयंत्र व सीडी-रॉम हे सर्व 'स्कझी' या एकाच साखळीत जोडले जात. साखळीच्या दोन्ही टोकांना, आणि केवळ टोकांनाच, टर्मिनेटर असणे आवश्यक असे. तो नसल्यास तारेच्या टोकाकडून संकेत परावर्तित होऊन मूळ संकेतात मिसळतात. गंमत अशी की, कामाचा भार कमी असेपर्यंत सर्व काही ठीक चालते आणि भार वाढताच डिस्क 'नाहीशी' होते. अशा वेळी अननुभवी व्यक्ती डिस्क बदलते, अनुभवी व्यक्ती प्रथम तारेची टोके पाहते. जुन्या सन यंत्रांत क्रमांक ३ च्या डिस्कला प्रणाली शून्यावी डिस्क म्हणून ओळखत असे. ही विसंगती माहीत नसल्यास चुकीच्या डिस्कवर प्रणाली चढविण्याचा धोका संभवे.

४.३ वीजपुरवठा आणि कोसळणे : युनिक्स प्रणाली डिस्कवर लिहावयाची माहिती काही काळ स्मृतीत राखून ठेवते. पारंपरिक व्यवस्थेत साधारण दर ३० सेकंदांनी ती डिस्कवर उतरविली जात असे. या अवधीत वीज गेली तर डिस्कवरील नोंदी अर्धवट राहतात. म्हणूनच यंत्र पुन्हा सुरू होताना 'एफएससीके' हा तपासणीचा प्रोग्राम चालतो आणि अनाथ झालेल्या फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' या जागी ठेवतो. मोठ्या डिस्कवर ही तपासणी दीर्घकाळ चाले. २००५ नंतरच्या काळात महाराष्ट्राने भारनियमनाचा जो अनुभव घेतला, तो ध्यानात घेता या दोषाचे येथील महत्त्व सहज पटते. यावरील उपाय म्हणजे बदलाची नोंद आधी रोजकीर्दीत करून मग तो अंमलात आणणारी साठवणव्यवस्था. १९९० च्या दशकारंभी व्हेरिटासने ती व्यापारी स्वरूपात आणली, सोलारिसच्या मूळ साठवणव्यवस्थेत ती १९९८ च्या सुमारास आली आणि लिनक्समध्ये २००१ मध्ये 'एक्स्ट-३' च्या रूपाने समाविष्ट झाली. सराफी पेढीवरील रोजकीर्दीचे तत्त्वच येथे वेगळ्या रूपात अवतरलेले दिसते.

विजेशी निगडित आणखी एक दोष विशेष बोधप्रद आहे. अनेक सन सर्व्हरना पडदा नसे. त्यांना सिरियल तारेने एक साधा टर्मिनल जोडलेला असे. तो टर्मिनल बंद करताच तारेवर 'ब्रेक' हा संकेत जाई आणि सर्व्हर त्याचा अर्थ 'थांबा' असा लावून 'ओके' या खुणेपाशी उभा राही. म्हणजे टर्मिनलची वीज जाताच पलीकडचा, अखंडित वीजपुरवठ्यावरील सर्व्हरही बंद पडल्यासारखा भासे. त्या वेळी यंत्र बंद करून सुरू केल्यास साठविलेली माहिती धोक्यात येई. 'गो' एवढी दोन अक्षरी आज्ञा दिल्यास काम जेथे थांबले होते तेथून पुढे सुरू होई. ही दोन अक्षरे ठाऊक असणे आणि नसणे, यात कित्येक तासांच्या गणनेचे अंतर पडे.

४.४ रचनेतून उद्भवणारे बिघाड : स्पार्क प्रोसेसरला चार बाइटांची संख्या चाराने भाग जाणाऱ्या स्थानावरूनच वाचता येते, इंटेलचे प्रोसेसर ही शिस्त सामान्यतः पाळावयास लावीत नाहीत. परिणामी, इंटेलवर निर्वेध चालणारा प्रोग्राम स्पार्कवर 'बस एरर' देऊन कोसळतो. दोष जुन्या यंत्राचा नसतो; प्रोग्राममधील सुप्त चूक ते यंत्र उघड करीत असते. दुसरा भेद बाइटांच्या क्रमाचा. स्पार्क संख्येचा मोठ्या मूल्याचा भाग आधी साठवितो, इंटेल लहान मूल्याचा. एका यंत्रावर थेट साठविलेली आधारसामग्री दुसऱ्यावर उघडली असता निरर्थक आकडे दिसतात. खगोलशास्त्रज्ञांनी 'फिट्स' हे सामायिक स्वरूप ठरविताना बाइटांचा क्रम निश्चित करून ही अडचण दूर केली. प्रत्येक शाखेला मात्र ही दूरदृष्टी साधली नाही.

काही दोष निर्मात्यांकडूनच येतात. १९९४ मध्ये पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील चूक उघडकीस आली. शतकाच्या वळणावर अल्ट्रास्पार्क-२ च्या बाह्य कॅशमधील पॅरिटी दोषामुळे जगभरातील काही सर्व्हर अकस्मात कोसळत असल्याचे गाजले. अशा प्रसंगी युनिक्स स्वतःहून थांबते, या क्रियेला 'पॅनिक' म्हणतात. नावावरून घबराट सूचित होत असली, तरी प्रत्यक्षात ती विचारपूर्वक योजलेली सावधगिरी आहे. चुकीची माहिती डिस्कवर लिहिण्यापेक्षा थांबणे बरे, हे त्यामागील सूत्र होय. थांबण्यापूर्वी प्रणाली स्मृतीची प्रतिमा डिस्कवरील राखीव जागेत उतरविते आणि पुढील वेळी सुरू होताना ती जपून ठेवते. ही प्रतिमा म्हणजे पुढील तपासासाठी राखलेला पंचनामाच म्हणावा लागेल.

५. तांबट आळीशी तुलना

वरील चारही प्रकारांत एक समान सूत्र आढळते. दिसणारे लक्षण आणि असणारे कारण यांत अंतर असते आणि ते अंतर अनुभवाने ओलांडावे लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवलेले आंबट पदार्थ कळकले, तर दोष स्वयंपाकाचा नसून उडालेल्या कल्हईचा आहे, हे जुन्या गृहिणीला सांगावे लागत नसे. कल्हईवाला नवसागराने भांडे स्वच्छ करून कथलाचा थर देई आणि तेच भांडे पुढे चाले. मठारकामात ठोक्यांनी तांबे कठीण होत जाते. ते प्रमाणाबाहेर कठीण झाले की तडकते, म्हणून मध्येच तापवून मऊ करावे लागते. तो क्षण कोणता, हे कारागीर हाताने व कानाने ओळखतो.

तथापि दोहोंत महत्त्वाचा भेदही आहे. तांबटाचे ज्ञान पिढ्यान् पिढ्या एकाच द्रव्यावर साचत गेले. संगणकाच्या बाबतीत यंत्राची पिढी दहा वर्षांत बदलते आणि त्या यंत्राविषयीचे ज्ञान वारसाला सोपविण्याआधीच 'निरुपयोगी' ठरते. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलमध्ये विलीन झाली. २००५ च्या सोलारिस १० ने बत्तीस बिटांच्या स्पार्क यंत्रांचा आधार काढून घेतला आणि २०११ च्या सोलारिस ११ ने आरंभीच्या अल्ट्रास्पार्क यंत्रांचाही. लिनक्सने २०१३ मध्ये इंटेल ३८६ ला निरोप दिला. नेटबीएसडीसारख्या मुक्त प्रणालींनी मात्र जुन्या स्पार्क यंत्रांची साथ सोडली नाही. बत्तीस बिटांत मोजला जाणारा युनिक्सचा काळ १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपतो. नेटबीएसडीने २०१२ मध्येच कालगणना चौसष्ट बिटांची करून जुन्या यंत्रांसाठीही ही मर्यादा ओलांडली.

६. जतनाचा प्रश्न आणि महाविद्यालये

जुने यंत्र का जपावे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. क्यूईएमयूसारख्या अनुकरण-प्रणालींवर स्पार्कसाठीची युनिक्स आज साध्या संगणकावर चालविता येते. परंतु अनुकरणात बॅटरी संपत नाही, टर्मिनेटर निखळत नाही आणि रॅम तापत नाही. आदर्श यंत्राचे अनुकरण शक्य आहे. प्रत्यक्ष यंत्राच्या आयुष्याचे नाही. शिवाय जुन्या टेपवरील आधारसामग्री वाचण्यासाठी चालते टेपयंत्र आणि त्याला जोडता येईल असा संगणक लागतोच.

जुन्या आधारसामग्रीचे मोल काळाबरोबर वाढू शकते. जीएमआरटीवर २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाशसर्वेक्षणाची नोंद पुढे नव्या पद्धतीने पुन्हा तपासली गेली आणि २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. मूळ नोंदी वाचण्याजोग्या राहिल्या, म्हणूनच हे घडले. स्वतः युनिक्सच्या बाबतीतही १९७२ च्या सुमाराची आवृत्ती केवळ कागदावरील छापील प्रतीच्या रूपात उरली होती. अभ्यासकांनी ती उतरवून घेऊन २००८ मध्ये पुन्हा चालती केली.

महाविद्यालयांत याउलट चित्र दिसते. संगणक जडवस्तू संग्रह नोंदवहीत दाखल होतो तेव्हा त्याची किंमत, क्रमांक व दिनांक लिहिला जातो आणि निर्लेखनाच्या वेळी त्यावर एक रेघ मारली जाते. मधल्या काळात तो कितीदा व कशाने बंद पडला आणि कोणत्या उपायाने पुन्हा चालू झाला, याला नोंदवहीत रकाना नाही. २०१२ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांमुळे, आणि २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांमुळे, यंत्रांची शास्त्रशुद्ध विल्हेवाट बंधनकारक झाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु यंत्राची विल्हेवाट आणि यंत्राविषयीच्या ज्ञानाची विल्हेवाट या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली अपरिहार्य असली तरी दुसरी टाळता येण्याजोगी आहे.

७. निष्कर्ष

(१) महाराष्ट्रात युनिक्सचा प्रसार प्रामुख्याने संशोधनसंस्थांच्या द्वारे झाला आणि अनिश्चित वीज व दूरध्वनीव्यवस्थेत ती चालती ठेवण्याचे कौशल्य हा त्या प्रसाराचा अविभाज्य भाग होता.
(२) जुन्या वर्कस्टेशनवरील बिघाडांचे दृश्य लक्षण बहुधा दिशाभूल करणारे असते. अनेकदा 'मृत' ठरविलेले यंत्र बॅटरी, टर्मिनेटर किंवा एका लहान आज्ञेने पूर्ववत होऊ शकते.
(३) भिन्न रचनेची यंत्रे प्रोग्राममधील सुप्त चुका उघड करतात; त्यामुळे अध्यापनाच्या दृष्टीने त्यांचे मूल्य टिकून आहे.
(४) दोषनिदानाचे ज्ञान मौखिक राहिल्याने ते यंत्राबरोबरच लोप पावण्याचा धोका आहे.

८. समारोप

या दृष्टीने महाविद्यालयांना तीन गोष्टी सहज करता येतील. निर्लेखनापूर्वी प्रत्येक जुन्या यंत्राच्या बिघाडांची व उपायांची दोन पानी नोंद, ते सांभाळणाऱ्या प्रयोगशाळा सहायकाच्या मदतीने, तयार करावी. यंत्रावरील आधारसामग्री कोणत्या स्वरूपात व कोणत्या बाइटक्रमात आहे, हे स्पष्ट लिहून ती नव्या माध्यमावर उतरवावी. आणि विभागात किमान एक जुने यंत्र चालू अवस्थेत ठेवून त्यावर विद्यार्थ्यांना दोषनिदानाचे प्रात्यक्षिक द्यावे. या कामी मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती प्रयोगशाळा सहायकाच्या अनुभवाला ज्ञान मानण्याची. तांबट आळीतील कसब टिकले, कारण ते शिकणारा कोणीतरी शेजारी बसलेला होता. संगणकाच्या बाबतीत तो शेजारी विद्यार्थ्याच्या रूपाने महाविद्यालयांत आजही उपलब्ध आहे. सांभाळणारी पिढी निवृत्त होण्यापूर्वी त्याला यंत्रापाशी बसविणे, एवढेच शिल्लक आहे.